पानाला कसं कळतं की आता पुरे?

गेल्या पावसाळ्यात एका मुलीने विचारलेला प्रश्न अजून माझ्या डोक्यातून गेलेला नाही, म्हणून हे सगळं एकदाचं लिहून काढतेय. बडोद्याला दांडियाबाजारात आमच्या घरी वरच्या खोलीत मी अकरावी-बारावीच्या मुलांच्या बायॉलॉजीच्या शिकवण्या घेते. त्या दिवशी ऊतींचा धडा चालू होता, बाहेर धो धो पाऊस, लाइट गेलेले, आणि ही मुलगी खिडकीतल्या जास्वंदाकडे बघत बसलेली. मधेच म्हणाली, "ताई, जास्वंदाची सगळी पानं साधारण एवढीच होतात. पेशी तर वाढतच असतात ना, मग पानाला कसं कळतं की आता पुरे?"

मी काहीतरी बोलले, हॉर्मोन असतात, जीन असतात, वगैरे. तिने मान डोलावली. पण रात्री भांडी घासताना मला राहून राहून वाटत होतं की आपण त्या पोरीला उत्तर दिलंच नाही, दोन शब्द हातात ठेवून वाटेला लावलं.

आधी एक बडोद्याची अडचण सांगते. मराठीत पेशी म्हणजे सेल आणि ऊती म्हणजे टिश्यू. गुजरातीत सेलला कोष म्हणतात, आणि पेशी म्हणजे टिश्यू! हिंदीत सेल म्हणजे कोशिका, आणि पेशी म्हटलं की स्नायू, मांसपेशी. माझ्याकडे एकाच सतरंजीवर तिन्ही भाषांची मुलं बसतात, त्यामुळे मी "पेशी वाढते" म्हटलं की अर्ध्यांच्या डोळ्यासमोर एक ठिपका वाढतो आणि अर्ध्यांच्या डोळ्यासमोर अख्खा पडदा. म्हणून वर्गात मी सरळ सेल आणि टिश्यू म्हणते. इथे मात्र आपलं मराठीच, पेशी म्हणजे सेल. आणि खरं सांगायचं तर त्या मुलीचा प्रश्न नेमका याच घोळातला होता, एक पेशी वाढणं आणि हजारो पेशींनी मिळून एक पान होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पहिलीवरून दुसरी कशी होते ते नुसतं फळ्यावर काढून दाखवता येत नाही. तिथे काहीतरी हलणारं, वाढणारं, डोळ्यांनी बघता येणारं हवं.

मग मी शोधायला लागले. आणि मला कल्पनाच नव्हती की या कामासाठी, म्हणजे पेशींची वाढ कॉम्प्युटरवर घडवून बघण्यासाठी, इतकी सॉफ्टवेअर फुकट पडलेली आहेत, नुसती फुकट नाहीत तर उघडी, म्हणजे आतला कोड वाचता येतो, बदलता येतो, आणि आपण काही बनवलं तर परत तिथेच ठेवता येतं. अमेरिकेत इंडियाना युनिव्हर्सिटीत वाढलेलं कॉम्प्युसेल थ्रीडी आहे, तिथलंच फिजिसेल आहे जे जास्त करून कॅन्सरच्या गाठींसाठी वापरतात, जर्मनीत ड्रेस्डेनला बनलेलं मॉर्फियस आहे ज्याच्यात कोडिंग न येणारा माणूसही मॉडेल बांधू शकतो, ऑक्सफर्डचं चेस्ट आहे. हे सगळं माझ्या आठ जीबीच्या जुन्या लॅपटॉपवर उतरवून घेतलं, चेस्ट सोडून, ते काही माझ्याकडून इन्स्टॉल झालं नाही.

पण सॉफ्टवेअर उघडण्याआधी मुलांबरोबर जे केलं ते आधी सांगते, कारण ते केलं नसतं तर पुढचं मला कळलंच नसतं.

काकडी. हो, कोशिंबिरीची. आईने फ्रीजमध्ये ठेवलेल्या दोन काकड्या मी वर घेऊन गेले, सालीवर पारदर्शक नेलपॉलिशचा पातळ थर दिला, वाळल्यावर वरून सेलोटेप चिकटवून तो थर हलकेच उचलला आणि काचपट्टीवर लावला. पेशींचा हुबेहूब ठसा उमटतो, रंग वगैरे काही लागत नाही. मायक्रोस्कोपच्या आयपीसला मोबाइल टेकवून फोटो काढले आणि ते फिजीत, म्हणजे फोटोतल्या गोष्टी मोजायच्या सॉफ्टवेअरमध्ये, उघडले. फिजी म्हणजे इमेजजेचंच भाऊबंद. इमेजजे १९९७ मध्ये अमेरिकेच्या एनआयएच या सरकारी आरोग्य-संशोधन संस्थेतल्या वेन रास्बँड यांनी सुरू केलं, आणि फिजी म्हणजे त्याच्यावर जगभरच्या लोकांनी चढवलेल्या प्लगइनांचं, म्हणजे जादा सोयींचं, गाठोडं. मुलांनी एकेका पेशीच्या बाजू मोजल्या. पाच, सहा, सात, सहा, पाच, आठ... शंभरेक पेशी झाल्यावर सरासरी काढली तर सहाच्या अगदी जवळ. एक मुलगा म्हणाला मधमाशीचं पोळं आहे म्हणून सहा. मी म्हटलं पण हे पोळ्यासारखं नाहीये, बघ, कितीतरी पाच-सात बाजूंच्या आहेत, फक्त सरासरी सहा येतेय.

काकडीच्याच सालीवर हे काम फ्रेडरिक लुईस या अमेरिकन माणसाने १९२८ च्या सुमारास केलंय, त्याने दाखवलं की पेशी जितकी मोठी तितक्या तिच्या बाजू जास्त. आमच्या फोटोंतही ते नुसत्या डोळ्यांना दिसत होतं.

मग सरासरी सहाच का? हे मी कागदावर करून बघितलं आणि मला इतका आनंद झाला की खाली जाऊन आईलाच सांगितलं. समजा एका पेशीला सहा बाजू आहेत. ती दुभागली, मधे नवी भिंत आली. ही भिंत दोन जुन्या बाजूंना जाऊन टेकते, त्या दोन्ही बाजू तुटून दोन-दोन होतात, आणि मधली भिंत दोघींचीही बाजू होते. म्हणजे दोन लेकींच्या बाजू मिळून सहा अधिक चार, दहा. आणि ती भिंत जिथे टेकली तिथल्या दोन शेजारणींनाही एकेक कोपरा जास्तीचा मिळाला, म्हणजे एकेक बाजू वाढली. एकूण वाढ चार अधिक दोन, सहा. एक नवी पेशी आली की अख्ख्या सालीत बरोब्बर सहा बाजू वाढतात, मग आई-पेशीला सहा असोत की नऊ! करोडो वेळा हे झालं की सरासरी सहाकडे जाणारच. कुठल्या पेशीला सहा हा आकडा माहीत असायची गरजच नाही. आई म्हणाली, "म्हणजे घरात सून आली की शेजाऱ्यांचंही काम वाढतं, तसं." अगदी तसंच.

पुढे २००६ मध्ये काही संशोधकांनी माशीच्या, बेडकाच्या आणि हायड्राच्या पेशी मोजून दाखवलं की नुसत्या विभाजनाच्या हिशोबानेही पाच, सहा, सात बाजूंच्या पेशींचं प्रमाण जवळपास जुळतं, त्यात सहावाल्या साधारण ४५ टक्के. प्राणी वेगळे, झाड वेगळं, पण हिशोब तोच. मला तिथेच वाटलं की त्या मुलीच्या प्रश्नाचं उत्तरही असंच कुठेतरी असणार, पेशीला काहीच "माहीत" नसताना पान थांबत असणार.

आता सॉफ्टवेअर. कॉम्प्युसेल थ्रीडी ज्या पद्धतीवर चालतं ती फ्रान्स्वा ग्रानेर आणि जेम्स ग्लेझियर यांनी १९९२ मध्ये मांडली, सेल्युलर पॉट्स मॉडेल म्हणतात. समजायला सोपी आहे. ग्राफपेपर घ्या, शंभर बाय शंभर चौकटी. प्रत्येक चौकटीत एक नंबर, तो ज्या पेशीचा आहे तिचा. म्हणजे एक पेशी म्हणजे एकच नंबर असलेल्या पंचवीस-तीस चौकटींचा पुंजका. आता कॉम्प्युटर डोळे मिटून एक चौकट निवडतो, तिच्या शेजारची एक निवडतो, आणि विचारतो की शेजारणीचा नंबर इथे लिहू का? लिहिला तर शेजारची पेशी एक चौकट पुढे सरकली, ही एक चौकट मागे हटली. लिहायचं की नाही हे "खर्चा"वर ठरतं. प्रत्येक पेशीला एक ठरलेलं आकारमान दिलेलं असतं, त्यापासून जितकी दूर तितका खर्च, आणि तो त्या फरकाच्या वर्गाने वाढतो. समजा पंचवीस चौकटींची पेशी चोवीसवर आली आणि गुणक दोन धरला तर खर्च दोन, पण वीसवर आली तर पाचाचा वर्ग पंचवीस, गुणिले दोन, पन्नास. म्हणून पेशी थोडी दबते पण फार दबत नाही. खर्च कमी होत असेल तर बदल होतो. वाढत असेल तरी कधीकधी होतो, ते किती वेळा हे एका आकड्यावर असतं ज्याला तापमान म्हणतात, पण ते हवेचं तापमान नाही, पेशीची कड किती चुळबुळ करते त्याचं माप आहे. हा आकडा मी पहिल्याच दिवशी फार वर नेला आणि पेशींचे अक्षरशः चुरमुरे झाले, एकाच नंबरचे दहा तुकडे पडद्यावर उडायला लागले. खाली आणला तर सगळं गोठलं. मधे कुठेतरी ते जिवंत वाटायला लागतं.

शिवाय कोण कोणाला चिकटतं याचाही खर्च. हे बघायला मी सगळ्यात जास्त वेळ बसले असेन. दोन रंगांच्या पेशी मिसळून टाकायच्या, आणि नियम एवढाच की आपल्यातल्याला चिकटणं स्वस्त, परक्याला चिकटणं महाग. लग्नाच्या हॉलमध्ये जेवणं झाल्यावर जे होतं ना ते होतं. सुरुवातीला सगळे पांगलेले, मग हळूहळू आत्या-मावश्यांचा एक घोळका, कॉलेजवाल्यांचा एक, आणि जो घोळका सगळ्यात घट्ट तो आपोआप मधे. कोणी उठून सांगत नाही की तुम्ही इथे बसा. खऱ्या पेशीही असंच करतात, १९०७ मध्ये एच. व्ही. विल्सन यांनी स्पंज कापडातून गाळून त्याच्या पेशी सुट्या केल्या होत्या आणि त्या परत एकत्र येऊन नवा स्पंज झाला होता.

तर हे सगळं शिकून मी उत्साहात पान बनवायला घेतलं. पेशींचं ठरलेलं आकारमान हळूहळू वाढवायचं, दुप्पट झालं की दोन तुकडे. दोन रात्री लागल्या. पडद्यावर हिरवा गोळा फुगत गेला, छानच दिसत होता, मी मुलांना दाखवला. आणि तीच मुलगी म्हणाली, "ताई, पण या पेशी एकमेकींच्या बाजूने घसरून पुढे जातायत. झाडात कशा घसरतील? भिंत असते ना?"

किती बरोबर होती ती! झाडाच्या पेशी एकमेकींना भिंतीने चिकटलेल्या असतात, एकदा शेजारीण मिळाली की ती जन्माची. प्राण्यांच्या पेशी जागा सोडतात, रांगतात, जखमेकडे धावतात, झाडाच्या नाही. मी स्पंजासाठी, जखमेसाठी, गाठीसाठी चांगली असलेली पद्धत पानाला लावत होते. टूल उत्तम होतं, प्रश्न चुकीच्या दारात नेला होता. हे कुठल्याही मॅन्युअलच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात असायला हवं असं मला मनापासून वाटतं, कारण चुकीच्या टूलमध्येही चित्र सुंदरच येतं, आणि सुंदर चित्र बघितलं की माणूस प्रश्न विचारायचं थांबतो. २०१७ मध्ये चेस्ट वापरून एक पेपर आला होता, त्यात ऊतींचं मॉडेल करायच्या पाच वेगवेगळ्या पद्धती एकाच कोडमध्ये बांधून तेच प्रश्न पाचही पद्धतींना विचारले होते, कुठे उत्तरं जुळतात, कुठे नाही. असं काम फार थोडे लोक करतात, कारण त्यात नवीन काही शोधल्यासारखं दिसत नाही.

पानासाठी मग व्हर्च्युअललीफ मिळालं, रूलँड मर्क्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेलं. यात पेशी म्हणजे बहुकोन, आतून पाण्याचा दाब, बाहेरून भिंतीचा ताण, आणि शेजारीण बदलायची सोय मुद्दाम काढून टाकलेली. पेशी दुभागली की नवी भिंत येते, आणि बघा, तिथे आपला तो काकडीचा सहाचा हिशोब जसाच्या तसा चालतो! मी मुद्दाम पडद्यावर बोट ठेवून मोजलं.

झाडं वाढवायचा याहून जुना एक खेळ आहे तोही मुलांना दिला, आरिस्टिड लिंडेनमायर यांचा १९६८ चा. शेवाळाच्या धाग्यासाठी दोनच नियम, अ चं होतं अब, आणि ब चं होतं अ. अ पासून सुरू करा. अ, मग अब, मग अबअ, मग अबअअब, मग अबअअबअबअ. अक्षरं मोजा, १, २, ३, ५, ८. आपल्याच गुजरातेत पाटणला हेमचंद्राचार्यांनी ११५० च्या सुमारास लघु-गुरूंच्या मात्रा मोजताना हेच आकडे मांडले होते, इतक्या मात्रांची वृत्तं किती, तर १, २, ३, ५, ८. लघु म्हणजे एक मात्रा, गुरू म्हणजे दोन. वर्गात एका जैन मुलाला हेमचंद्राचार्य माहीत होते, हा आकड्यांचा भाग माहीत नव्हता, तो दुसऱ्या दिवशी आजोबांना विचारून आला.

आता मूळ मुद्द्यावर येते, ज्याच्यासाठी खरं लिहायला बसले. या टूलांमधली सगळ्यात मोलाची वस्तू टूल नाहीये. लोकांनी करून ठेवलेली मॉडेलं आहेत. कुणीतरी कुठेतरी तीन वर्षं घालवून रक्तवाहिनी कशी फुटते, जखम कशी भरते, याचे नियम लिहिले, आकडे जुळवले, आणि फाइल सगळ्यांसाठी ठेवून दिली. मॉर्फियसमध्ये तर अशा मॉडेलांची वेगळी मांडणीच आहे, प्रत्येकाला नंबर, कुणी दिलं ते नाव, कुठल्या पेपरमधलं ते. माझ्यासारख्या, लॅब नसलेल्या, ग्रँट नसलेल्या बाईला ती फाइल उघडून एक आकडा बदलून बघता येतो. हा आकडा अर्धा केला तर काय होईल? हा प्रश्न विचारायचा अधिकार आधी फक्त ज्याच्याकडे लॅब आहे त्याला होता.

मला यात आपली बडोद्याची सेंट्रल लायब्ररी दिसते. सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये अमेरिकेहून विल्यम बॉर्डन नावाचे ग्रंथपाल बोलावले आणि अख्ख्या संस्थानात फुकट वाचनालयांचं जाळं उभं केलं. मांडवीतल्या या लायब्ररीत लोखंडी कपाटं आणि काचेची जमीन आहे, लहानपणी मी त्या काचेवर जपून पाय ठेवायचे. पण शहरापुरतं नव्हतं ते, पुस्तकांच्या पेट्या भरून गावोगाव पाठवायचे, एका गावात वाचून झाल्या की पुढच्या गावाला. आणि जुन्या पुस्तकांत मार्जिनला कुणीतरी पेन्सिलीने लिहिलेलं असतं ना, "हे चूक आहे, पान ४० पाहा", ती ओळ कधीकधी पुस्तकाहून जास्त उपयोगी पडते. मॉडेलची फाइल म्हणजे अशी गावोगाव फिरणारी पेटी, आणि तिच्यात अशा पेन्सिलीच्या ओळी असायलाच हव्यात.

नसल्या की काय होतं ते मी भोगलंय. एका टूलसाठी कुणीतरी ठेवलेलं ऊती वाढण्याचं एक मॉडेल मी उतरवलं. उघडतानाच एरर. ते पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेच्या जुन्या आवृत्तीतलं होतं, पायथन दोन, ज्याची देखभाल १ जानेवारी २०२० ला बंद झाली. प्रिंटला कंस घातले, आणखी चार-पाच ठिकाणी दुरुस्त्या केल्या, चाललं. पण पडद्यावर जे येत होतं ते त्या माणसाने सोबत ठेवलेल्या चित्राशी जुळेना. चित्रात ऊती आधी शांत, मग टप्प्याटप्प्याने वाढते, माझ्याकडे मात्र पहिल्या क्षणापासून एकसारखी फुगत होती आणि पेशी खूप लवकर दुभागत होत्या. मला वाटलं माझंच काहीतरी चुकतंय. दोन आठवडे मी रोज रात्री बसले, आकडे बदलून बघितले, तापमान, चिकटपणा, सगळं. कुठल्या आकड्याचं एकक काय तेही कुठे लिहिलेलं नव्हतं.

शेवटी एका रविवारी दुपारी ओळ न ओळ कागदावर उतरवून काढली तेव्हा सापडलं. वाढीच्या नियमात पायऱ्यांच्या संख्येला, म्हणजे कॉम्प्युटरने मॉडेल किती वेळा पुढे सरकवलं त्या आकड्याला, शंभरने भागलेलं होतं. जुन्या पायथनमध्ये पूर्ण संख्येला पूर्ण संख्येने भागलं की अपूर्णांक टाकून देतात, ९९ भागिले १०० म्हणजे शून्य, १०० झाले की एकदम एक. नव्यात ९९ भागिले १०० म्हणजे ०.९९. म्हणजे त्याच्याकडे पहिल्या ९९ पायऱ्यांपर्यंत वाढ शून्य आणि मग जिन्यासारखी, माझ्याकडे एकसारखा चढ. भागाकाराची एक तिरकी रेघ, बस. जुन्यासारखं हवं असेल तर दोन तिरक्या रेघा द्यायच्या. आणि मग मला दुसराच प्रश्न पडला जो मला झोपू देईना, तो जिना त्या माणसाला हवा होता, की तोही त्याला न कळता आला होता? चित्र सुंदर होतं. त्या चित्रावरून कुणी म्हटलंही असेल की ऊती टप्प्याटप्प्याने वाढते.

मी ते सगळं लिहून काढलं, दोन्ही चित्रं शेजारी-शेजारी लावली आणि मॉडेल जिथून उतरवलं तिथेच पाठवून दिलं. इंग्रजी लिहायला मला वेळ लागतो, चार वाक्यांना एक संध्याकाळ गेली. तीन आठवड्यांनी दुरुस्ती घेतली गेली, आणि माहितीच्या पानावर दोन ओळी वाढल्या, भागाकाराबद्दल सावधान, आणि आकड्यांची एककं. त्या दोन ओळी माझ्या आहेत. मला त्याचं फार वाटतं. लोकांना वाटतं की अशा कामात हात घालायचा म्हणजे मोठा प्रोग्रॅमर हवा. मला पायथन धड येत नाही. पण मी जिथे दोन आठवडे अडकले तिथे पुढचा माणूस दोन मिनिटं अडकेल.

रंगांचंही तसंच. माझ्या पानाच्या चित्रात मी जास्त वाढ लाल आणि कमी वाढ हिरवी दाखवली होती, आणि वर्गातला एक मुलगा गप्प बसून होता. नंतर एकटा असताना म्हणाला, "ताई, मला दोन्ही सारखंच दिसतं." लाल-हिरवा फरक त्याला कळत नाही आणि हे त्याने आजवर शाळेत कुणाला सांगितलं नव्हतं. मी त्याच रात्री व्हिरिडिस लावलं, जांभळ्यापासून पिवळ्यापर्यंत जाणारी रंगपट्टी, अशा डोळ्यांनाही नीट दिसावी आणि काळं-पांढरं छापलं तरी चढउतार कळावा म्हणून मुद्दाम बनवून सगळ्यांना दिलेली, मॅटप्लॉटलिब नावाच्या पायथनच्या आलेख काढायच्या साधनात २.० आवृत्तीपासून तीच आपोआप येते. दुसऱ्या दिवशी त्याने सगळ्यांच्या आधी बोट दाखवलं, "इथे वाढ जास्त आहे, देठाकडे."

आणि ती खरंच देठाकडे होती. खऱ्या पानावरसुद्धा. आम्ही खिडकीतल्या जास्वंदाच्या एका कोवळ्या पानावर मार्करच्या बारीक टोकाने ठिपक्यांची जाळी काढली, ही युक्ती स्टीफन हेल्स यांची, त्यांनी १७२७ च्या पुस्तकात अंजिराच्या पानावर टाचण्यांनी लाल ठिपके करून पानाची वाढ मोजली होती. रोज सकाळी आठला त्याच अंतरावरून एक फोटो, सोबत स्केलपट्टी. बारा दिवस. फिजीत ठिपक्यांतली अंतरं मोजली. शेवटच्या चार-पाच दिवसांत टोकाकडचे ठिपके जवळजवळ थांबलेले आणि देठाकडचे अजून दूर जात होते.

तर उत्तर, जेवढं मला कळलं तेवढं. अरॅबिडॉप्सिस नावाच्या छोट्या रोपात हे नीट बघितलं गेलंय, पानाच्या टोकाकडे पेशी दुभागणं आधी थांबतं आणि मग ते थांबणं हळूहळू देठाकडे सरकत येतं, जशी संध्याकाळी सावली अंगणात सरकते. दुभागणं थांबलं तरी पेशी फुगणं काही काळ चालूच राहतं, मग भिंती घट्ट होतात. गवताचं वेगळं, त्याची वाढ बुंध्याशी असते, म्हणून कमाटीबागेतली हिरवळ वरून कापली तरी परत येते. आणि पान काही पेशी मोजून थांबत नाही, कारण काही रोपांत बिघाडामुळे पेशी कमी झाल्या तर उरलेल्या पेशी जास्त मोठ्या होतात आणि पान अपेक्षेइतकं लहान राहत नाही. म्हणजे पान पेशीला आणि पेशी पानाला काहीतरी सांगत असतात. ते नेमकं काय, यावर अजून काम चालू आहे, आणि व्हर्च्युअललीफमध्ये नियम घालून बघायची जागा नेमकी हीच आहे.

मी हे सगळं त्या मुलीला सांगितलं. ती आता बारावीत आहे. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग थांबण्याची ती रेघ कोण सरकवतं?"

सध्या आम्ही दोघी मिळून काकडी, ठिपके आणि व्हर्च्युअललीफची मराठीत टिपणं लिहितोय, मग ती गुजरातीत करणार आहे. चिकटण्याच्या खर्चाला काय म्हणायचं यावर अडलोय. पुस्तकातला शब्द आसंजन, तो एकाही मुलाला कळला नाही. मी चिकटपणा म्हणते, ती म्हणते चिकटपणा म्हणजे गूळ. काल आईने खालून ओरडून सांगितलं, "ओढ म्हणा की." ओढ लिहून ठेवलंय, पेन्सिलीने.